नाल्यापलीकडचा भोंगा

“कानाची मशीन ठेवतं का बे तू?”

जाकीरनं मान वर केली नाही. समोर एका बॅन्डवाल्याचा अॅम्प्लिफायर पोट उघडून पडला होता, हातात तापलेली सोल्डरिंगची काडी होती, आणि आवाज कोणाचा आहे ते त्याला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. बुलढाण्याच्या स्टँडमागच्या या गाळ्यात दिवसभर माणसं काय काय विचारतात. माइक आहे का, पिन आहे का, रिमोट दुरुस्त होतो का. पण कानाची मशीन आजवर कोणी मागितली नव्हती. ती डॉक्टरकडे मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हे फक्त जानरावकाकांनाच वाटू शकतं, की रहेमतचा पोरगा आवाजाचं दुकान चालवतो म्हणजे आवाजाचं जे काही जगात असेल ते सगळं त्याच्याकडे असणार. काडी स्टँडवर ठेवायच्या ऐवजी त्यानं ती थेट टेबलावर ठेवली आणि प्लायवूड जळाल्याचा वास सुटला.

“तू आवाजाचा माणूस,” जानराव म्हणाले. “म्हून पह्यले तुह्याकडेच आलो. दुसऱ्याकडे काऊन जाऊ?”

कडक इस्तरीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, पायात धुतलेल्या चपला. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाची बोटं, टोकाला चपटी झालेली. गावाहून सकाळच्या गाडीनं घाट चढून आले होते. जाकीरनं पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी दिलं, आणि पाण्याचा तांब्या देताना विनाकारण मोठ्यानं बोलला, “बसा ना काका!” मोठ्यानं कशाला बोललास? त्याचं त्यालाच कळेना. वा रे जाकीरमियाँ. ज्याचे कान तू बिघडवलेस त्याच्याशी आता मोठ्यानं बोल. कारण बिघडवले तर तूच. “वय झालं काका, कान कमी होतात आता,” हे वाक्य तुझं आहे. बापाला मातीआड करून दुसऱ्या दिवशी, ओसरीत सतरंजीवर बसून, तूच म्हणाला होतास.

महिनाही झाला नव्हता त्याला. अब्बांचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा होता. त्या दुसऱ्या दिवशी जानराव पिठाच्या गिरणीवरून धावत आले होते, डोक्यावर दळणाचा डबा तसाच. गिरणीत कोणीतरी सहज बोललं म्हणून त्यांना कळलं होतं. डबा ओसरीत ठेवून ते आधी बराच वेळ अब्बांच्या रिकाम्या बाजेकडे पाहत राहिले आणि मग जाकीरचे दोन्ही हात धरून म्हणाले, “बाबू, मले माफ कर. मले भोंग्यावरचं आयकूच नाही आलं. तुही काकू वावरात गेलती, मी घरीच व्हतो. आंगणात बाज विणून राह्यलो व्हतो. अख्खी बाज विणली म्या त्या दिवशी.” माफी ते मागत होते! आणि जाकीरच्या तोंडातून मात्र सुरळीत, समजूतदार, मोठ्या माणसासारखं वाक्य बाहेर पडलं. वय झालं काका. जानरावांनी मान हलवली होती. मान्य केलं होतं. एखादी वस्तू हातात दिली आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली, इतकं सोपं झालं ते सगळं.

“मशीन इथं नाही मिळत काका,” आता तो म्हणाला. “डॉक्टरकडे तपासावं लागते आधी.”

“मंग चाल. तू समजावून सांगशीन त्याईले.” मग ते जरा हसले. “तुही काकू, कलाबाई, म्हणते, तुमाले सारं आयकू येते, सोंग करता. मी म्हणलं, सोंग असतं त मी रहेमतच्या मयतीले नसतो का गेलो?”

शटर अर्ध्यावर ओढून दोघं चालत निघाले. उन्हात जानराव त्याच्या डाव्या बाजूनं चालत होते, आणि मागून रिक्षा आली की जाकीरच्या आधी तेच बाजूला होत होते. जाकीरनं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकदा तर त्यांनी जाकीरचा दंड धरून त्याला रस्त्याच्या कडेला ओढलं, “पाह्यजो, गाडी हाये,” आणि त्याला वाटलं, आता इथंच सांगून टाकावं. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर रसवंतीवाल्याची घुंगरं वाजत होती आणि जानराव म्हणाले, “रस पेतं का?” आणि ते राहून गेलं. सांगायचं तरी कसं? सुरुवात कुठून? वॅटपासून?

वॅटपासूनच करावी लागली असती. गावातल्या मशिदीचं मशीन अडीचशे वॅटचं, आणि त्याच्यावर गावभर सात भोंगे. तार एकच, गल्लीगल्लीतून फिरलेली. प्रत्येक भोंग्याच्या पाठीशी मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, त्याला चार टोकं. तार कोणत्या टोकाला जोडली त्यावर तो भोंगा मशीनकडून किती ओढणार ते ठरतं. तीस, पंधरा, आठ, नाहीतर दोन. सगळ्यांचं ओढणं मिळून मशीनच्या ताकदीच्या आत बसलं पाहिजे, वर थोडी जागा राखून. नाही बसलं तर आधी आवाज फाटतो, मग मशीन तापतं, मग जळतं. सात भोंगे, सगळे तीसवर, हे अब्बांनी बसवलं होतं आणि ते बरोबर बसलेलं होतं. अब्बांचं सायकलचं दुकान, शाळा चौथीपर्यंत, पण त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं की मशीनपाशी जे आहे तेच सगळ्यांत वाटायचं असतं. सातवा भोंगा नाल्यापलीकडचा. तिकडे एकही घर मुसलमानाचं नाही. विहार आहे, जानरावांचं घर आहे, पुढं शेतं. तिथं भोंगा कशाला, असं कमिटीत कोणी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, अजान उनके लिए नहीं, ऐलान तो है. पाणी कधी सुटणार, कोणाचं पोर हरवलं, कोण गेलं, हे सगळं गाव याच भोंग्यावर ऐकतं. नाल्यापलीकडच्या खांबाचं बूड जानरावांनी स्वतःच्या हातानं सिमेंटात बसवलं, अब्बा शिडीवर, जानराव खाली शिडी धरून, आणि वरून अब्बा ओरडत होते, अबे जानराव, हालवू नको बे, मरतो मी. लहान जाकीर तेव्हा हसून हसून लोळला होता. आणि तेव्हापासून अब्बा ऐलान दोनदा करत. एकदा आपल्या बोलीत, एकदा मराठीत. मराठीतलं करताना नाल्याच्या दिशेला तोंड करत, जणू माइकला दिशा कळते.

आणि मग या रमजानच्या तोंडावर आसिमचं घर झालं. आसिम त्याचा मेहुणा, हायवेकडच्या नव्या प्लॉटात दोन मजली बांधलं त्यानं. “सुबह सहरी को आवाज नहीं आती भाईजान, एक भोंगा इधर भी,” म्हणाला. बहिणीचं घर. जाकीर एका शुक्रवारी बुलढाण्याहून गेला, आठवा भोंगा टांगला, मशीन चालू केलं, आणि मशीनच्या पाठीवर हात ठेवला तर चटका बसला. हिशेब साधा होता. बाजारातले दोन भोंगे पंधरावर आणले असते तर सगळं आपोआप बसलं असतं. दोन्ही भोंगे एकमेकांना लागूनच आहेत, तिथं आवाज तसाही कानठळ्या बसवणारा. पण बाजारातले लोक बोलले असते. पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी म्हणालं असतं, जाकीर, आवाज कमी झाला रे. नाल्यापलीकडून कोणी बोललं नसतं. तो शिडी घेऊन नाल्यापलीकडे गेला, खांबावर चढला, तीसच्या टोकावरची तार सोडली आणि दोनच्या टोकाला घट्ट पिळली. बंद नाही केला हं! काढून नाही टाकला. भोंगा होता तिथंच होता, खालून पाहणाऱ्याला तस्साच दिसत होता. उलट खाली उतरताना त्याला बरंच वाटलं होतं. आजकाल भोंग्यांवरून लोक काय काय बोलतात, म्हणजे आपण तर शेजाऱ्यांची सोयच केली. हे त्यानं शिडीवर असतानाच रचलं होतं, खाली पाय टेकेपर्यंत त्याला ते खरंही वाटायला लागलं होतं.

कानाच्या डॉक्टरकडे गर्दी नव्हती. काचेची खिडकी असलेली तपासणीची एक छोटी खोली होती, आतून कापसाच्या गादीसारखं काहीतरी लावलेली. तपासणाऱ्या बाईंनी जानरावांना आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि समजावलं, “बाबा, आवाज आला की बोट वर करायचं. बारीक आला तरी.” जानरावांनी गंभीरपणे मान हलवली. बाहेरच्या बाकावरून जाकीरला खिडकीतून त्यांचा अर्धा चेहरा आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात दिसत होता. बाई बटण दाबत होत्या. जाकीरला ते यंत्र ओळखीचं होतं, आवाज कसा पायरीपायरीनं उतरत जातो ते ठाऊक होतं. बाईंनी बटण फिरवलं. बोट वर झालं. आणखी खाली. वर झालं. आणखी खाली उतरवलं, आता तर बाहेरच्या पंख्याच्या घरघरीहून लहान, श्वासाहून लहान झाला असणार आवाज, आणि जाकीर खिडकीतून त्या चपट्या टोकाच्या बोटाकडे पाहत मनात म्हणत होता, नको. राहू दे. नको करू वर. काका, एकदा तरी नका ऐकू. या अल्ला, याचे कान गेलेले असू दे. त्यानं हे खरोखर मागितलं. बापाचा दोस्त बहिरा निघावा अशी दुवा त्यानं त्या बाकावर बसून मागितली, आणि मागून झाल्यावर स्वतःच्या तोंडावर हात फिरवायला उचललेला हात मधेच खाली घेतला. बोट वर झालं होतं.

तेव्हा कब्रस्तानातला तो क्षण आला. तो येणारच होता, महिनाभर रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं तो येतच होता. खड्ड्याच्या काठाशी तो उभा. मूठ मातीनं भरलेली. लोक एकेक पुढं येऊन मूठ मूठ टाकत होते, हिंदू होते, विहाराकडचेही बाजारात काम करणारे दोन-चार होते, आणि त्यानं सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि जानराव नव्हते. अब्बांच्या मातीला जानराव नव्हते. दोनच दिवस आधी येऊन बाजेशी बसून गेलेला माणूस. तो गेल्यावर अब्बांनी बारीक आवाजात विचारलं होतं, “जानराव के तरफ का भोंगा चालू है ना?” आणि जाकीर म्हणाला होता, “हाव अब्बा, सब चालू हैं.” मातीची मूठ हातात असताना त्याला खांबावरचं ते दोनचं टोक दिसलं. स्पष्ट दिसलं, पिळलेल्या तांब्यासकट. मोटारसायकली बाहेर उभ्या होत्या. नाला ओलांडून जाऊन यायला कितीसा वेळ लागतो! थांबा म्हणाला असता तर लोक थांबले असते, मयताच्या पोरासाठी लोक थांबतात. पण थांबा म्हणलं की कोणीतरी विचारलं असतं, काऊन, ऐलान नाही झालं का तिकडं? आणि मग? मग सगळ्यांसमोर, बापाच्या खड्ड्यापाशी, सांगावं लागलं असतं. त्यानं मूठ उघडली. माती पडली. ती पडताना आवाज होतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“एकदम छान आहेत हो कान,” बाई कागदावरची रेघ दाखवत म्हणाल्या. “या वयात इतके चांगले आम्ही फार कमी पाहतो. मशीन अजिबात नको बाबा.”

जानराव हसले नाहीत. “नीट पाह्यलं का बाई?”

“पाहिलं ना. तुम्ही सगळे आवाज ऐकलेत.”

“पण मले भोंगा नाही आयकू आला,” ते म्हणाले. “भोंगा! हा टीटी आवाज त येते. भोंगा नाही आला.”

“भोंग्याचं मी काय सांगू बाबा,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परत येताना जानराव पुढंपुढं चालले. स्टँडवर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसले, चहा बशीत ओतला, आणि बशी तोंडाला लावायच्या आधीच खाली ठेवली. जाकीरला वाटत होतं, कान चांगले निघाले तर माणसानं खूश व्हावं. हे तर असे बसले होते की जणू काहीतरी हिरावून घेतलं गेलं त्यांच्याकडून. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हिरावूनच घेतलं होतं. बहिरेपण ही त्या माणसाची एकच सबब होती.

“म्हंजे मले बोलावलंच नाही कोणी,” जानराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, हिशेब लागल्यासारखा सपाट आवाज. “कान त ठीक हायेत. मंग दुसरं काय? आयकू आलं नाही म्हंजे सांगतलंच नाही. मी महिनाभर कलाबाईवर खेकसून राह्यलो, मले नाही आयकू येत म्हून. विहारात बसनं सोडलं, लोकाईचं बोलणं समजत नाही म्हून.” ते थांबले. “रहेमत असता त बोलावलं असतं त्यानं. पण तोच त मेलता. तुमी लोकं आपआपले व्हते, मी काऊन आठवीन तुमाले?”

“तसं नाही काका.”

“मंग कसं हाये?”

आता नाही बोललास तर, जाकीर, तू हा चहा पिशील, यांना गाडीत बसवशील, आणि हा माणूस उरलेला जन्म नाल्यापलीकडे बसून असं समजेल की रहेमतचं घर त्याला विसरलं. बहिरेपणाहून वाईट आहे हे. आणि हेही तूच दिलंस. एकदा वय दिलंस, आता हे दे.

“ऐलान मीच केलं काका,” तो म्हणाला. “दोनदा केलं. मराठीतपण केलं, अब्बा करत तसं. पण तुमच्याकडचा भोंगा... तो मी कमी केला व्हता. रमजानच्या आधी. आसिमच्या घराकडे नवा लावला, मशीनले झेपत नव्हतं. एकाचं काढल्याशिवाय दुसऱ्याले देता येत नव्हतं. म्हून तुमच्याकडचा दोनवर आणला. दोनवर म्हंजे खांबाखाली उभं राह्यलं तरच आयकू येते.” त्यानं आपला कप बाजूला सरकवला. “बाजारातले दोन कमी करता आले असते. नाही केले. अन् मातीच्या वक्ताले मले आठवलं. तिथंच आठवलं, काका. माणूस पाठवू शकत व्हतो. नाही पाठवला. मले लाज वाटली. अन् दुसऱ्या दिवशी तुमी आले त मी म्हणलं, वय झालं.”

एक गाडी मागं येत होती आणि कोणीतरी तिच्या पत्र्यावर थापा मारत होतं. जानराव जाकीरकडे पाहत होते. त्यानं डोळे खाली घातले. काकांनी मारावं, त्याला वाटलं, इथंच सगळ्यांदेखत एक ठेवून द्यावी, लहानपणी सायकल नाल्यात घातली तेव्हा दिली होती तशी.

“कोनता कमी करावा हे ठरवलं तवा तुह्या मनात कोण व्हतं?” जानरावांनी विचारलं.

“कोणीच नव्हतं काका,” जाकीर म्हणाला. “तेच त.”

जानरावांनी बशीतला चहा पाहिला. त्याच्यावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं काढून बाकड्याच्या कडेला पुसली. जाकीर भराभर बोलू लागला, आज गावाला येतो, आत्ताच्या आत्ता खांबावर चढतो, बाजारातले दोन कमी करतो, तुमचा तीसवर आणतो, कोण काय बोलते ते पाहतो.

“ते करशीन मंग,” जानराव म्हणाले. “काय सांगतलं व्हतं भोंग्यावर?”

“काका?”

“त्या दिवशी. मराठीतलं. काय सांगतलं व्हतं तू? म्हण.”

जाकीरनं आजूबाजूला पाहिलं. एसटीच्या चौकशीच्या खिडकीवरून कोणती गाडी कुठं लागली ते कोणी कर्कश आवाजात सांगत होतं. शेंगदाणेवाला ओरडत होता. तो थोडा वाकला, जानरावांच्या कानाशी नव्हे, समोरच, आणि साध्या बोलायच्या आवाजात म्हणाला, “गावातल्या सगळ्या लोकांना कळवण्यात येते.” तो थांबला. जानराव थांबले. “गावातल्या सगळ्या लोकांना कळवण्यात येते की, सायकलवाले शेख रहेमतुल्ला हे आज सकाळी वारले. जनाजा संध्याकाळी असरच्या नमाजनंतर घरून निघेल. ज्यांना माती द्यायची असेल त्यांनी यावं.”

“अजून एकदा म्हणे तुहा बाप,” जानराव म्हणाले.

जाकीरनं पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटपर्यंत न थांबता. शेजारच्या बाकड्यावरची एक बाई कडेवरचं लेकरू सावरत त्यांच्याकडे पाहू लागली. जानराव एका अंगाला मान कलती करून ऐकत होते, आणि ऐकता ऐकताच त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि महिनाभरात जे झालं नव्हतं ते झालं. ते रडले. आवाज न करता, सदऱ्याच्या बाहीनं पुसत, बराच वेळ. जाकीरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवावा का नाही हे त्याला ठरवता आलं नाही, आणि त्यानं तो बाकड्यावरच ठेवला.

मग जानरावांनी खिशातला मोठा रुमाल काढला, मांडीवर नीट चौकोनी घडी घातली, तिरपी केली आणि डोक्याला बांधली. मयतीला आलेले गावातले हिंदू-बौद्ध लोक कब्रस्तानाच्या फाटकाशी बांधतात तशी. गाठ मागं घट्ट ओढली. “असर व्हायची हाये ना अजून?” त्यांनी विचारलं.

“हाये काका.”

“मंग चाल.”

गावच्या फाट्यावरून जाणारी धामणगाव बढेची गाडी लागलेली होती. दुकानाचं शटर अर्धंच ओढलेलं आहे, टेबलावर बॅन्डवाल्याचा अॅम्प्लिफायर उघडा पडलाय, हे जाकीरला गाडीत चढताना आठवलं आणि त्यानं ते सोडून दिलं. जानराव खिडकीशी बसले, हात मांडीवर. कंडक्टर आला.

“फाट्यावर उतराचं हाये,” जानराव म्हणाले. “एक याचं तिकीट, अन् माहं कार्डाचं.” आणि मग, कोणी विचारलं नसताना, “मयतीले चाललो.”

कंडक्टरनं आवाज उतरवला. “कोण गेलं बाबा?”

“दोस्त.”

“कवा?”

जानरावांनी जाकीरकडे पाहिलं नाही. ते खिडकीतून बाहेर पाहत होते, जिथं गाड्या एकामागून एक घाटाकडे वळत होत्या.

“आत्ताच आयकलं,” ते म्हणाले.